फळीची खालची बाजू

आमच्या घराच्या तळमजल्यावर लाकडी सामानाला पॉलिश करण्याचे दुकान आहे. ते माझ्या धाकट्या दिरांचे होते. पुढे ते त्यांच्या पत्नीचे, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे झाले. आज ते नेमके कोणाचे आहे, हे त्या दोघांना वेगवेगळे विचारले तर दोन उत्तरे मिळतात, आणि एकत्र विचारले तर भांडण मिळते. मी वरच्या खोलीत शिवणकाम करते. माझ्या खिडकीतून अंगण दिसते आणि अंगणाकडे उघडणारे दुकानाचे दार दिसते. त्या दोघांचा संसार बहुतांशी एवढ्याच जागेत घडला, म्हणून धाकटीची हकीकत लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते. तिला विचारूनच लिहीत आहे. ती म्हणाली, "लिहा ताई. पण मला चांगली बाई करू नका."

ती अट मी पाळणार आहे.

भावजींना सगळी वस्ती 'आरसा' म्हणत असे. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलावर वाकून माणसाने भांग पाडावा, इतकी त्या कामाला चमक असे. या धंद्यात लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवतात. मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून त्याची मुठीएवढी गादी करतात, ती त्या द्रावात भिजवतात, आणि गोल गोल हात फिरवीत लाकडावर थरावर थर चढवतात. शेवटचा थर ज्याने दिला त्याचे ते काम, असे मानले जाते. त्याआधी लाकूड घासून गुळगुळीत करावे लागते. ते घासणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही.

घासण्याचे काम धाकटी करीत असे. तोंडाला फडके बांधून ती अंगणात पॉलिश पेपर घेऊन बसे. भुशाने तिच्या पापण्या पांढऱ्या होत. दुकानात पाऊल ठेवण्याची तिला मनाई होती. "बायकांच्या हाताला घाम फार. फळीवर डाग पडतो," असे भावजी सांगत. तयार फळी आत नेऊन द्यायची ती उंबऱ्यापर्यंत. एखादे गिऱ्हाईक अंगणात डोकावून विचारी, "या कोण?" भावजी उत्तर देत, "ही आमची घासणारी." गिऱ्हाईक हसे. धाकटीही हसे. ते हसू मी वरून पाहिलेले आहे. त्यात दात होते, हसू नव्हते.

दारू कशी आली, हे सांगण्यात नवीन काही नाही. ती सगळीकडे येते तशीच आली. आधी काम संपल्यावर, मग काम संपण्यापूर्वी, मग कामाऐवजी. "फळी दिवसभर पिते, आणि मालकानं कोरडं राहायचं का?" हा भावजींचा आवडता विनोद होता आणि त्यावर हसणाऱ्यांची त्यांना कधी वाण पडली नाही. पुढे हात थरथरू लागला. थरथरत्या हाताने दिलेल्या शेवटच्या थरावर रेघा उठतात. गिऱ्हाईक बोटाने रेघ दाखवी, आणि भावजी म्हणत, "घासणारीनं नीट घासलं नाही."

धाकटीने हे सगळे गिळले. जे गिळले नाही, ते एकच आहे आणि ते लिहिणे आवश्यक आहे. तिचे वडील वारले तेव्हा निरोप घेऊन माणूस दुकानात आला होता. धाकटी बाजारात गेली होती. भावजींनी निरोप ऐकला, 'सांगतो' म्हणाले, आणि प्यायला बसले. निरोप त्यांच्या डोक्यातून साफ गेला. धाकटीला कळले तेव्हा तिच्या वडिलांना अग्नी देऊन सगळे घरी परतले होते. ती जाऊन आली आणि पुन्हा अंगणात पॉलिश पेपर घेऊन बसली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरे वाटले असते. तिने डूख धरला.

त्यानंतर काही काळाने भावजींनी बाहेरची बाटली मिळेना म्हणून पॉलिशच्या डब्यातले स्पिरिट तोंडाला लावले. ते विषच असते. त्यांना दवाखान्यात नेले तेव्हा डोळ्यांसमोर धुके आले होते आणि डॉक्टर आमच्याशी फार हळू आवाजात बोलत होते. धाकटी त्यांच्या उशाशी ठाण मांडून बसली. औषध, पाणी, चादर, सगळे तिने केले. दवाखान्यातल्या बायका तिला पाहून डोळे पुसत. एकदा शुद्धीवर येऊन भावजी पुटपुटले, "मला मरू दे." धाकटी त्यांच्या कानाशी वाकली. बायकांना वाटले, धीर देते आहे. मी शेजारी होते, म्हणून मला ऐकू आले.

ती म्हणाली, "मरून सुटायचं होय? तसं स्वस्तात सुटू देणार नाही मी. तुम्ही जगायचं. शुद्धीत जगायचं. काय काय केलंत, ते सगळं आठवत बसायचं."

दवाखान्यानंतर त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. ते तिथे असताना दुकानात अर्धवट पडलेले एक कपाट होते आणि त्याचा मालक रोज दारात येऊन उभा राहत होता. एके सकाळी धाकटीने उंबरा ओलांडला. तिने गादी भिजवली आणि कपाटावर हात फिरवायला लागली. आयुष्यभर उंबऱ्याबाहेरून तिने तोच हात पाहिला होता. कपाट गेले. मालकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. भावजी केंद्रातून परतले तेव्हा लोक तिला 'पॉलिशवाली' म्हणू लागले होते, आणि स्पिरिटचा डबा कडीकुलपात होता. किल्ली तिच्या गळ्यात होती.

भावजी दारात उभे राहिले. वजन निम्मे झालेले, हातात एक बॅग. धाकटीने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती मला म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, अंगणात जागा झाडून ठेवली आहे. पॉलिश पेपर खिडकीत आहेत."

अशा रीतीने आरसा आमचा घासणारा झाला.

ती त्यांच्याशी थेट बोलत नसे. जे सांगायचे ते माझ्याकरवी किंवा भिंतीकडे तोंड करून सांगत असे. "कुणीतरी दार लावा." "कुणाचंतरी जेवण वाढून ठेवलंय." गिऱ्हाईक अंगणात डोकावून विचारी, "हे कोण?" तेव्हा मात्र ती मोठ्याने उत्तर देई, "हा आमचा घासणारा." भावजी मान खाली घालून घासत राहत. त्यांच्याही पापण्या पांढऱ्या होत.

केंद्रातून येताना त्यांना दिनचर्या समजावून दिली होती. सकाळी चालणे, वेळेवर साधे जेवण, वेळेवर झोप, श्वासाचे व्यायाम. पुष्कळ घरांत या गोष्टी चार दिवस टिकतात. आमच्या घरी त्या टिकल्या, कारण त्यांच्यामागे माया नव्हती. उजाडायच्या आत धाकटी भिंतीवर थाप मारी. भावजी मैदानाला फेऱ्या मारत आणि ती छत्री घेऊन मागून चाले. पाय दुखतात म्हटले तर म्हणे, "ताई, सांगा त्यांना, माझे उंबऱ्याशी उभं राहून दुखायचे, तेव्हा कोणी बसा म्हणालं नव्हतं." ताटात उकडलेल्या भाज्या येत, मीठ बेताचे. आठच्या ठोक्याला दिवा बंद होई. मैदानावरच्या बायका म्हणत, नवऱ्यासाठी किती करते ही, अशी पतिव्रता पाहायला मिळायची नाही. धाकटी मला म्हणे, "ऐकलंत का? मी उट्टं काढते आहे आणि लोक ओवाळायला निघालेत."

या सुडाचा परिणाम असा झाला की भावजींची प्रकृती सुधारली. गाल भरले. डोळ्यांतले धुके बहुतेक गेले. हाताची थरथर थांबली. एक दिवस ते शिट्टी वाजवत अंगणात आले, तेव्हा धाकटीने सुस्कारा टाकला. "ताई, बघा. खायला मी घातलं, छळलं मी, आणि याचं पोट सुटलं."

परंतु भावजीही साधे नव्हते. सुंभ जळतो, पीळ जात नाही. धाकटीचे काम पुरे झाले आणि वस्तू गाडीवर चढवायला अंगणात आणली, की ते हातातले काम थांबवत, वाकत, वस्तूच्या पोटाखाली पाहत, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसत. त्या वेळी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हलत असे. मला वाटले, जुने कारागीर आहेत, सवयीने पाहतात. ते सवयीने पाहत नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

मग वकीलबाईंचे टेबल आले. आमच्या भागात या बाईंचे मोठे कार्यालय आहे. जुन्या, एकसंध लाकडाचे लांबरुंद टेबल त्यांनी नव्याने चमकवायला पाठवले होते. इतके मोठे काम दुकानात पूर्वी आरशाच्या काळातही क्वचित येई. ते टेबल भावजींनी घासले, आणि असे घासले की मी वरून खाली येऊन त्यावर हात फिरवून गेले. त्या संध्याकाळी ते जिन्यात माझी वाट पाहत उभे होते.

"वहिनी, एक विचाराल का तिला?"

"काय?"

"या टेबलाचा शेवटचा हात मला देईल का. एवढाच. मग परत अंगणात बसतो."

मी धाकटीला विचारले. ती गादी पिळत होती. पिळतच राहिली.

"केंद्रातले ते साहेब परवा येऊन काय म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही? म्हणाले, आता यांना आत्मविश्वास द्या. यांचं काम यांना परत द्या. समोरचा सुतार तेच म्हणतो. वस्ती तेच म्हणते. बिचारा सुधारला, आता दे त्याचं त्याला." तिने गादी डब्यात टाकली. "म्हणजे बघा ताई. पिऊन माझं आयुष्य नेलं, आणि आता न पिऊन माझं दुकान नेणार."

जिन्यात जाऊन मी भावजींना एवढेच सांगितले, "नाही देणार म्हणते." 

तिने टेबलाचे काम स्वतः केले. कित्येक दिवस तिचा हात त्या फळीवर फिरत होता. तिच्या हातून झालेले सर्वांत सुंदर काम ते होते, हे भावजींनीही पुढे कबूल केले. टेबल न्यायला वकीलबाई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होत्या. दुपारी धाकटी वर माझ्याकडे आली, आणि शिवणयंत्रापाशी उभी राहून सरळ म्हणाली, "मी बाजारात चालले. लाख संपली आहे. जाताना डबा उघडा ठेवणार आहे. भरलेला. दुकानाचं दार उघडं ठेवणार आहे."

"कशाला?"

"तुम्हाला कळलंय कशाला. त्याने तोंड लावलं की संपलं. त्याची बॅग भरून दाराआड ठेवली आहे. मग मला कोणी म्हणणार नाही, दे त्याचं त्याला. तुम्ही खिडकीत बसा. साक्षीला कोणीतरी हवं."

"अगं, विष आहे ते. मरेल तो."

"दोन घोटांत मरत नाही. मागं मेला नाही. आणि तुम्ही आहात की, हाक मारा सुताराला." तिचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. "ताई, मी रोज त्याच्याशी चांगलं वागते आहे, वाईट मनानं. आता दमले. एकदा काय ते होऊन जाऊ द्या."

ती गेली. मी खिडकीत बसले. भावजी अंगणात एका खुर्चीचे पाय घासत होते. थोड्या वेळाने वास आला असावा, कारण त्यांचा हात थांबला. उघड्या डब्याचा वास मला वरपर्यंत येत होता. ते उठले आणि उंबऱ्याशी गेले. बरोबर त्या जागी, जिथे धाकटी वर्षानुवर्षे उभी राहत असे. आत पाहिले. मग मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिले. मी शिवणाकडे पाहण्याचे नाटक केले, पण सुईत दोरा नव्हता. भावजी आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

मी जिना उतरून दारापर्यंत गेले. आतून हालचालीचा आवाज येत होता. पडल्याचा नाही, कण्हल्याचा नाही. कापड घासल्यासारखा. मी हाक मारली. ते म्हणाले, "जागा आहे मी, वहिनी. वर जाऊन बसा. तुम्हाला खिडकीत बसवलंय ना?"

मी वर जाऊन बसले.

धाकटी परतली तेव्हा अंगणभर स्पिरिटचा दर्प पसरला होता. बंद दार पाहून ती थबकली. तिच्या चेहऱ्यावर जे आले, त्याला आनंद म्हणावे की काय, मला ठरवता येत नाही. तिने वर पाहून हाक मारली, "ताई, खाली या." मग दार ढकलले.

भावजी पाटावर बसले होते. सदरा कोपरापर्यंत ओला. पायाशी तपकिरी चिंध्यांचा ढीग. डबा आडवा पडलेला, रिकामा. आणि मध्यभागी वकीलबाईंचे टेबल उघडेबोडके, कोरडे, ज्या दिवशी घासून आत आणले त्या दिवसासारखे. धाकटीचा एकही थर त्यावर उरलेला नव्हता. स्पिरिटने लाख विरघळते तशीच ती सुटतेही, हे या घरात लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

"प्यायलात?" धाकटीने विचारले. केंद्रातून परतल्यापासून तिने त्यांना तोंडावर विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"चिंध्यांनी प्यायलं. त्यांना विचार."

"डबा रिकामा आहे."

"टेबलही रिकामं आहे."

ती टेबलापाशी गेली. तिने फळीवर तळवा ठेवला. भावजी म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. सहज निघालं नाही. खांदे गेले माझे."

"डबा मी मुद्दाम ठेवला होता."

"माहीत आहे."

"ताईंना मुद्दाम बसवलं होतं."

"माहीत आहे. बॅग?"

"दाराआड. भरलेली."

"दाढीचा ब्रश घातलास का? मागच्या खेपेला केंद्रात पाठवताना विसरली होतीस."

"घातला आहे."

"बरं केलंस." ते उठले. पाय स्थिर होते, जीभ स्थिर होती. त्या डब्यातले दोन घोट जरी पोटात असते, तरी माणूस असा उभा राहिला नसता. "आता मला एक दाखवायचं आहे. वहिनी, जरा हात लावा. उलटं करू."

आम्ही तिघांनी टेबल उचलून उलटे केले. खालची बाजू वर आली. फिकी, रखरखीत, कोणाचा हात न लागलेली.

"हे काय?" भावजींनी विचारले.

"टेबलाचं पोट. खाली कोण बघतं?"

"बघत कोणी नाही. पण लाकूड हवेतली ओल पितं. वरून लाख लावून त्याचं तोंड बंद केलं आणि खालून उघडं ठेवलं, की एकाच अंगानं पीत राहतं. मग फुगतं. एकदोन वर्षांत टेबलाची होडी होते. आधी खाली दोन थर द्यायचे, मग वरचं काम धरायचं."

धाकटीचा चेहरा उतरला. "आधीची कामं?"

"सगळी कोरी. कपाटांच्या पाठी, पलंगाच्या फळ्या, सगळी. परत यायला लागतील हळूहळू."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"तू केलेली पहिली वस्तू अंगणात आली, तेव्हापासून."

"आणि मूग गिळून बसलात."

"वाट बघत होतो. पहिलं वाकडं टेबल परत येईल, गिऱ्हाईक दारात उभं राहून चारचौघांत तुला बोलेल. तेव्हा तुझ्याकडे बघून मला म्हणायचं होतं, घासणारा म्हणून सांगतो, घासण्यात चूक नाही." ते बोलताना कोठेही अडखळले नाहीत. "रोज मैदानाला फेऱ्या मारताना तेवढंच डोक्यात असायचं. त्याच जोरावर चालायचो."

"मग आज का सांगितलंत? थांबायचं होतं अजून."

भावजींनी विचार केला. "डबा उचलला, तेव्हा दोन गोष्टी सुचल्या. एक प्यायची. दुसरी, तुझं काम पुसून टाकायची. दुसरीत जास्त मजा वाटली."

तेव्हा मला हे क्रूर वाटले. पण आता लिहिताना वाटते, की त्या दुपारी त्या माणसाने जन्मात प्रथमच आपला राग बाटलीत न ओतता जिथे होता तिथे ठेवला. त्याला चांगले म्हणावे असे ते कृत्य नव्हते. निरोगी मात्र ते होते.

"खाली राहिलं होतं, तर खाली लावायचं," धाकटी म्हणाली. "वरचं कशाला काढलंत?"

"वरचं रागानं काढलं. त्याचा खालच्याशी काही संबंध नाही."

 धाकटीने बोट उंबऱ्याकडे केले. "मी तिथं उभी राहून शिकले. तुम्ही फळी उलटी कधी करायचात? सकाळी, दार लावून. तेव्हा मी अंगणात भुसा खात बसलेली. दार उघडलं, की फळी सुलटी. मला पोट दिसलंच कधी? एकदा आत घेतलं असतं, एक दिवस, तर आज हे सगळं लाकूड वाचलं असतं. तुम्ही माझी चूक पोसत होता ना इतके दिवस? ती चूक तुमचीच आहे. तुम्हीच पेरलेली."

 भावजींनी चिंध्या गोळा केल्या. बॅग दाराआडच राहिली, आत गेली नाही आणि बाहेरही पडली नाही. त्या घरात त्यांचे राहणे हे त्या बॅगेसारखेच मधल्यामध्ये होते, आणि सकाळी वकीलबाई येणार होत्या.

त्या ठरल्या वेळी आल्या. उलटे, नागडे टेबल पाहून त्यांनी पर्स स्टुलावर ठेवली. "नेमकं काय झालं, एकेकानं सांगा. मध्ये बोलायचं नाही."

धाकटीने तोंड उघडण्यापूर्वी भावजी बोलले. "खालची बाजू कोरी राहिली होती. टेबल वाकलं असतं. हिला मी कधी आत येऊ दिलं नाही, ही उंबऱ्यावरून बघून शिकली. उंबऱ्यावरून पोट दिसत नाही. दोष माझा आहे."

वकीलबाईंच्या चेहऱ्यावर कौतुक उमटू लागले. ते पाहताच धाकटी पुढे झाली.

"अर्धा," ती म्हणाली. "यांचा अर्धा. सगळा दोष घेऊन मोठं व्हायचं नाही. ते वाक्य माझं आहे, काल मीच यांना सुनावलं. बाई, पोट मी कोरं ठेवलं, हे खरं आहे. यांनी रागानं वरचं काढलं, हे खरं आहे. मी यांच्यासमोर डबा उघडा ठेवला, यांनी प्यावं म्हणून, तेही खरं आहे. आता सांगा काय करायचं."

वकीलबाई दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. "मला टेबल पाहिजे," त्या म्हणाल्या. "निकाल नको. पुढच्या आठवड्यात येते." पर्स उचलून त्या गेल्या.

दुकानात आम्ही तिघे उरलो. धाकटीने गळ्यातली किल्ली काढली नाही, पण कपाट उघडून नवा डबा काढला. कापूस घेतला, माझ्याकडून आणलेले मऊ कापड घेतले, गादी बांधली आणि ती भावजींपुढे धरली.

"खालची बाजू तुमची. वरची माझी."

"आणि शेवटचा हात?"

"शेवटचा वरच असतो. तो माझा. तुमचं काम कोणाला दिसणार नाही. कोणी नाव घेणार नाही. आयुष्यभर."

"कोणी बघणार नाही, मग नीट केलं की नाही कळणार कसं?"

"मी बघणार. रोज. वाकून."

भावजींनी गादी घेतली. त्यांनी ती डब्यात बुडवली तेव्हा धाकटी त्यांच्या हाताकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांनी तोंड फिरवून श्वास घेतला आणि कामाला लागले. तिसऱ्या दिवशी मी पाहिले तर बॅग रिकामी होऊन खुंटीला टांगलेली होती. ती कोणी रिकामी केली, हे दोघांपैकी कोणी सांगत नाही.

त्यानंतर दुसरे काम निघाले. आजवर गेलेल्या सगळ्या वस्तूंची पोटे कोरी होती. धाकटीने ठरवले, घरोघर जाऊन ती पुरी करायची. डबा भावजींनी उचलायचा, आणि जाण्याचा रस्ता तिने ठरवायचा. तिने तो दारूच्या गुत्त्यावरून ठरवला. आडवाट होती तरी ठरवला. जुने सोबती पायरीवर बसलेले असत.

"आरशा, डबा घेऊन कुठं? आम्हाला सोडून एकट्यानंच?"

"लोकांच्या टेबलाखाली," भावजी म्हणत. "तुम्ही काय, आधीच तिथं आहात."

सोबती हसत. मागून धाकटी न हसता येत असे. तिला पाहून त्यांचे हसू विरत जाई.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले होते. एका शिक्षकांचे घर होते, जेवणाचे टेबल होते, जड. हलवण्याऐवजी भावजी उताणे होऊन खाली शिरले. थेंब चेहऱ्यावर पडत होते, ते डोळे मिटून पुसत होते. डबा त्यांच्या डोक्याशी होता, उघडा. वर धाकटी खुर्चीत बसली होती. घरच्या बाईंनी चहा आणून दिला, तो ती फुंकर घालून सावकाश पीत होती.

"झालं," खालून आवाज आला.

"कोपरे?"

"झाले."

"पुन्हा बघा."

 गादी फळीवर फिरल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी धाकटीच्या कानाशी वाकून विचारले, "किती दिवस चालवणार आहेस हे?"

तिने कप बशीत ठेवला. "डॉक्टरांना विचारलं होतं, यांना तपासलं तेव्हा. यकृत सावरतंय म्हणाले. असंच ठेवलं तर पुष्कळ वर्षं जगतील." आणि टेबलाच्या कडेखाली वाकून ती म्हणाली, "डावीकडचं राहिलं. उजेडाकडून बघा."